चाळिशीनंतर 'बीजाची क्वालिटी' वाढवून देतो म्हणतात तेव्हा आधी लॅबचा रिपोर्ट मागा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वय ४१, एएमएच (ओव्हरीत बीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी) कमी, आयव्हीएफमध्ये '८ अंडी निघाली पण ट्रान्सफरला (गर्भ गर्भाशयात सोडायला) काहीच उरलं नाही', आणि आता सेंटर म्हणतंय की बीजाची, म्हणजे अंड्याची, क्वालिटी खराब आहे, पुढच्या वेळी ओव्हरीत पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेलं इंजेक्शन) करू, लॅबमध्ये नवीन टेक्निक वापरू, त्याचे वेगळे पैसे पडतील. सांगलीत हेच वाक्य मीही ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करत नाही. स्वतःच्या उपचारात जे शिकले तेवढंच सांगते. इंजेक्शनं, सोनोग्राफी, पिकअप (ओव्हरीतून बीजं काढणं) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

तुमच्याकडं एम्ब्रियॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे लॅबचा बीजांचा आणि गर्भांचा रिपोर्ट, आहे का? ८ निघाली आणि शून्य उरलं, या दोन्हींच्या मध्ये काय झालं ते त्यावर असतं. किती पिकलेली होती, किती फलित झाली, तिसऱ्या दिवशी किती पेशींचे गर्भ होते, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाच्या त्या दिवसाच्या पूर्ण वाढीपर्यंत) कोण पोचलं. हे न बघता 'क्वालिटी खराब' कशावरून म्हणतात?

आमच्या डिस्चार्ज कार्डवर 'पुअर एग क्वालिटी' एवढंच लिहिलं होतं. रिपोर्ट मागितला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, फाईल हॉस्पिटलची असते, पेशंटला देत नाही. मग सर बाहेरगावी. मग लॅबच्या मॅडम पुण्याहून येतात, त्यांच्याकडं असेल. मॅडम आल्या की ओटीत. तोवर मला पावडरी, गोळ्या, 'तीन महिने घ्या, मग बघू' चालूच होतं. या टोलवाटोलवीत जवळपास वर्ष गेलं. पंचविशीत वर्ष गेलं तर गेलं, चाळिशीत ते परत मिळत नाही. पैशापेक्षा मला त्या वर्षाचा राग आजही येतो.

शेवटी मिस्टरांनी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. डॉक्टरांसाठीचे मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात की पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. अर्जात तेवढंच वाक्य होतं, भांडण नाही. कागद आला.

एकच पान, हातानं भरलेला तक्ता. प्रत्येक बीजाची एक ओळ, आणि निम्म्याहून जास्त ओळींसमोर 'जीव्ही'. जीव्ही म्हणजे अगदी कच्चं बीज, त्याच्या पुढचा टप्पा एम वन, आणि पूर्ण पिकलेलं ते एम टू. इक्सी (सुईनं बीजात शुक्राणू सोडणं) फक्त एम टूवर होते. कच्ची बीजं लॅबमध्ये ठेवून पिकवायचा प्रयत्न करतात, पण त्यातून चांगला गर्भ मिळण्याची शक्यता कमीच. म्हणजे माझी बरीचशी बीजं परीक्षेला बसलीच नव्हती आणि नापास म्हणून कार्डावर शेरा आला होता.

दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी तो कागद दोन मिनिटं बघितला आणि पहिला प्रश्न विचारला: ट्रिगर (बीजं पूर्ण पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) कोणतं, किती वाजता दिलं, पिकअप किती वाजता? ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी पिकअप करतात. पुढच्या वेळी त्यांनी ट्रिगर बदललं, वेळ काटेकोर पाळली, आणि पिकलेली बीजं जास्त मिळाली. सगळ्यांचं असंच असेल असं मी म्हणत नाही. वयामुळंही कच्ची बीजं निघतात.

आपल्याकडच्या लहान शहरांत अजून एक गोष्ट असते, ती कुणी आपणहून सांगत नाही. एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये बीजं आणि गर्भ हाताळणारे तज्ज्ञ, कायमचे नसतात, ते ठरावीक तारखांना येतात आणि त्या तारखांना सगळ्यांचं पिकअप 'बॅच'मध्ये होतं. बॅचमध्ये चांगलं काम करणारी सेंटरं आहेत, सरसकट नावं ठेवू नयेत. पण तुमचं ट्रिगर तुमच्या फॉलिकलच्या (बीज वाढतं त्या पिशवीच्या) मापावर ठरलं की बॅचच्या तारखेवर, हे तोंडावर विचारा.

आता नवीन टेक्निकबद्दल. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. वय झालेलं बीज तरुण करणारी कुठलीही सिद्ध पद्धत आज लॅबमध्ये नाही. बीजं आपण जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. वय वाढतं तशी त्यांच्यातली गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत, आणि चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रं कमीजास्त निघतात. पीजीटी-ए ही गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी त्यातून निवड करते. तासगावचा बागायतदार द्राक्षं निवडून पेटी भरतो, निवडल्यानं मणी गोड होत नाहीत. अशा निवडीमुळं गर्भपात टळू शकतो, वाया जाणारं ट्रान्सफर टळू शकतं, पण मुळात ब्लास्टोसिस्ट एखादाच असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा. आणि कुणी पीजीटीतून मुलगा-मुलगी कळेल असं सुचवलं तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

माइटोकॉन्ड्रियाचं (पेशीला ऊर्जा देणाऱ्या कणांचं) नाव काढलं तर थोडा इतिहास माहीत असू द्या. १९९७ मध्ये अमेरिकेत तरुण बाईच्या बीजातला द्रव (त्यात माइटोकॉन्ड्रिया असतात) दुसरीच्या बीजात घालून बाळ झालं, २००१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ते थांबवलं. पुढं बाईच्याच पेशींतले माइटोकॉन्ड्रिया बीजात घालायची टूम निघाली, स्पेनमधल्या चाचणीत फायदा दिसला नाही. ब्रिटननं २०१५ मध्ये माइटोकॉन्ड्रिया दानाला परवानगी दिली ती आईकडून मुलाला जाणाऱ्या गंभीर आजारासाठी, वयासाठी नाही. आणि पीआरपीमध्ये तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग ओव्हरीत टोचतात, त्याला पक्का पुरावा अजून नाही. करायचंच असेल तर 'हा प्रयोग आहे' असं संमतीपत्रावर लिहून द्या म्हणावं.

लॅब खरं काय करू शकते? आहे ते बीज खराब होऊ न देणं: हवा, तापमान, इन्क्युबेटर, अनुभवी हात, चांगलं फ्रीझिंग. हे जाहिरातीत नसतं, म्हणून विचारावं लागतं.

जाता जाता, तुम्ही इस्लामपूरहून इंजेक्शनं नेता ना? ज्यांच्यावर २ ते ८ डिग्री लिहिलंय ती थर्मोकोलच्या डब्यात न्या, बर्फाला थेट चिकटू देऊ नका, घरी फ्रीजच्या दारात किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नका. मिस्टरांची तपासणी जुनी असेल तर ती परत करून घ्या, सगळा दोष बाईच्या बीजावर टाकायची घाई फार असते.

डोनर बीजाचा (दुसऱ्या बाईनं दिलेल्या बीजाचा) विषय कुणी काढला तर लगेच मनाला लावून घेऊ नका आणि लगेच होही म्हणू नका. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात डोनरचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान आणि जास्तीत जास्त ७ बीजं, असं बंधन आहे. उपचार घेणाऱ्या बाईला ५० पर्यंत मुभा आहे, त्यामुळं त्या निर्णयाला तुमच्याकडं वेळ आहे. स्वतःच्या बीजाला तेवढा नाही, म्हणून रिपोर्ट याच आठवड्यात मागा. पीआरपीचे पैसे त्याआधी भरू नका. कागद मिळाला की नाव झाकून आकडे इथं टाका, मला कळेल तेवढं सांगेन आणि नव्या डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण मिळून लिहून काढू.