त्रेसष्ट ऐकून छत्तीस लिहिणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यमात. बेरीज-वजाबाकी छान करतो. पण 'त्रेसष्ट' सांगितलं की ३६ लिहितो, 'पंचवीस' सांगितलं की ५२. वहीवर 'संख्याज्ञान कच्चे' असा शेरा आला आहे. शाळेत 'साठ तीन' असंही वाचायला शिकवलंय, तसं म्हटलं की तो चुकत नाही. सासरे मात्र चिडतात, 'साठ तीन ही काय मराठी झाली?' म्हणतात. बाई, मी त्याला कोणतं शिकवू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तो शेरा आधी मनातून काढून टाका. ज्याला संख्या कळलेलीच नाही, तो पंचवीसला कधी ५२ लिहील, कधी २७, कधी काहीच लिहिणार नाही. तुमचा मुलगा दर वेळी एकच चूक करतोय, अंक बरोबर आणि जागा उलट. तो लक्ष देऊन ऐकतोय आणि कानावर पडेल त्या क्रमाने लिहितोय. 'त्रेसष्ट' म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो, लिहिताना मात्र सहा आधी लिहितो. ही अडचण त्याला कुणी उलगडून सांगितलेली नाही, एवढंच.

हे मला एका मुलाने शिकवलं. जत तालुक्यात कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या शाळेवर मी होते. बरीच मुलं घरी कानडी बोलायची. एक मुलगा असाच पंचवीसला ५२ लिहायचा आणि मी लाल फुल्या मारत सुटायचे. एकदा तुरकाट्या घेऊन बसवलं. दहा-दहाचे गठ्ठे, त्यांना सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगा. 'पंचवीस मांड' म्हटल्यावर त्याने दोन गठ्ठे ठेवले, शेजारी पाच सुट्या काड्या ठेवल्या आणि पुटपुटला, 'इप्पत्तैदु.' इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. त्याच्या घरच्या भाषेत वीस आधी येत होते. मग पाटीवर त्याने २५ लिहिलं, न अडखळता. तोवर मारलेल्या फुल्या आजही मला टोचतात.

याचा अभ्यासही झालेला आहे. चेक भाषेत संख्या दोन्ही पद्धतींनी म्हणतात, 'वीस पाच' असंही आणि 'पाच-आणि-वीस' असंही. तिथल्या साधारण सात वर्षांच्या मुलांना संशोधकांनी दोन्ही पद्धतींनी आकडे सांगून लिहायला लावले. एकक आधी सांगितला तेव्हा जवळपास निम्म्या चुका अंकांच्या अदलाबदलीच्या निघाल्या, दशक आधी सांगितला तेव्हा तशा चुका फारच थोड्या. मुलं तीच होती, भाषाही तीच.

आता सासऱ्यांच्या रागाकडे येते. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' हे वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर असाच संताप झाला होता. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं : जोडाक्षरं मुलांना जड जातात आणि उलटा क्रम गोंधळात टाकतो. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही दिली होती. चर्चेच्या धुरळ्यात ते फार कमी लोकांनी पाहिलं. मी तेव्हाही नारळीकरबाईंच्या बाजूने होते, आजही आहे.

पण सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 'पाच पंचे पंचवीस' जिभेवर बसतं, 'पाच पंचे वीस पाच' बसत नाही. पाढ्यांची लय जुन्या नावांवरच उभी आहे. शिवाय मंडईत भाजीवाली 'पंचेचाळीस द्या' म्हणणार, ते पोराला कळायलाच हवं. नॉर्वेने १९५१ साली अधिकृतपणे क्रम बदलून दशक आधी आणला, कारण टेलिफोनवर आकडे सांगताना घोटाळे होत. तरी तिथे जुनी पद्धत अजून ऐकू येते. घरातले शब्द असे सरकारी निर्णयाने जात नाहीत, त्यामुळे मराठी बुडेल ही भीती नको.

तेव्हा दोन्ही शिकवा, पण क्रमाने. आधी काड्या आणि 'साठ तीन'. सहा गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे, मग लिहिणं. हे पक्कं झालं की त्याच मांडणीला सांगा, 'याचं घरचं नाव त्रेसष्ट.' आणि इथे घाई करू नका, कारण खरी मेख पुढे आहे. 'त्रे' म्हणजे तीन हे मूल ओळखतं, पण 'सष्ट' म्हणजे साठ हे त्याला कसं कळावं? सत्तरचं 'हत्तर' होतं : एक्काहत्तर, बाहत्तर. पन्नास तर दोन रूपं घेतं, बावन्नमध्ये 'वन्न' आणि त्रेपन्नमध्ये 'पन्न'. एकेका दशकाची नावं एकत्र म्हणून घ्या, म्हणजे शेपूट ओळखीचं होईल. लिहिताना एकच सवय लावा : शब्द पूर्ण ऐकायचा, शेपूट ओळखायचं, ते डावीकडे लिहायचं. आठवड्याला एक दशक पुरे.

राहिली ती 'एकोण'ची मंडळी, ती आजोबांकडे सोपवा. त्यांनी तीन गठ्ठे मांडावेत, एक काडी काढून नातवाच्या हातात द्यावी आणि विचारावं, 'आता किती?' तीसला एक उणा, एकोणतीस. मग चार गठ्ठे, मग पाच, असं करत नव्वदपर्यंत जावं. शंभराचे गठ्ठे मांडून एक काडी काढली की पोरगा 'एकोणशंभर' म्हणेल. तेव्हा आजोबांनी त्याला नव्याण्णव सांगावं.