चाळे राहू द्या, कपाटं काढा

मुलुंड पूर्वेहून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी, पेन्सिलने काढलेल्या घराच्या नकाशासकट. मजकूर थोडक्यात असा: दुसऱ्या मजल्यावर सासऱ्यांनी घेतलेलं २९० चौरस फूट कार्पेटचं घर, इमारत १९७९ ची. राहणारे चौघं: त्या, मिस्टर, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार. घरखर्च ६१ हजार, एसआयपी १८ हजार, बँकेत मुदत ठेव ३ लाख १० हजार. डोक्यावर कर्ज नाही.

आता घर "जरा गमतीचं" करायचंय. इंटिरियरवाल्याने ५ लाख २० हजारांचं कोटेशन दिलंय. १ लाख २० हजार ठेव मोडून भरायचे आणि ४ लाख पर्सनल लोन काढायचं, १३ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. मिस्टरांचं म्हणणं, त्यातले १ लाख ११ हजारांचे "चाळे" काढून टाक, बाकीचं कामाचं आहे ते करू. ताई विचारतात, "नवऱ्याचं ऐकू की मनाचं?"

आणि शेवटी, सही झाल्यावर: "ता. क. सोसायटीने मागच्या सभेत रिडेव्हलपमेंटसाठी पीएमसी नेमलाय. पण ते काय, चालायचंच."

ताई, चालायचंच नाही. पीएमसी म्हणजे रिडेव्हलपमेंटचं काम बघणारा सल्लागार; तो नेमला म्हणजे इमारत पाडून नवी बांधायची तयारी सुरू झाली. चार पानांत पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते ता. क. मध्ये लिहिलंय.

तुमचं कोटेशन मी दोन ढिगांत वाटून पाहिलं. पहिल्या ढिगात मिस्टरांना पटलेल्या वस्तू. हॉलची पूर्ण भिंत भरून कपाटं १ लाख ८५ हजार, भिंतीत उभा होणारा हायड्रॉलिक बेड ९२ हजार, दिव्यांसकट फॉल्स सीलिंग ७८ हजार, टीव्ही युनिट ५४ हजार. एकूण ४ लाख ९ हजार. दुसऱ्या ढिगात तुमचे चाळे: लोकलच्या डब्यासारखी भिंत ३८ हजार, झोपाळा ४२ हजार, मुलाचा किल्ला ३१ हजार.

पहिल्या ढिगातलं जवळजवळ सगळं भिंतीला नाहीतर स्लॅबला जखडलेलं आहे. मापाने कापलेलं, खिळ्यांनी ठोकलेलं, फेव्हिकॉलने चिकटवलेलं. घर रिकामं करायची नोटीस आली की ते उखडावं लागतं, आणि उखडलेल्या प्लायचं पुढे काय होतं ते भंगारवाल्याला विचारा. बहुतेक वेळा न्यायचे पैसे तोच मागतो. दुसऱ्या ढिगातल्या वस्तू, जरा डोकं लावून केल्या तर, टेम्पोत चढतात.

म्हणून माझं मत मिस्टरांच्या बरोब्बर उलट आहे. चाळे ठेवा, कामाचं म्हणून जे आहे ते काढा.

हिशेब दाखवते. ४ लाखांना १३ टक्के दराने ४८ महिने म्हणजे हप्ता १० हजार ७३० च्या आसपास, आणि चार वर्षांत व्याज साधारण १ लाख १५ हजार. कर्ज जखडलेल्या कामांसाठीच घेतलंय असं धरू. ४ लाख ९ हजारांत व्याज मिळवलं की ५ लाख २४ हजार. इमारत तीन वर्षांनी रिकामी झाली तर भागिले ३६, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार. स्वतःच्या मालकीच्या घरात राहून तुम्ही कपाटांना भाडं भरणार! वर चौथ्या वर्षी, इमारत पाडून झाल्यावरही, त्या कपाटांचा हप्ता चालूच.

आता तुम्ही म्हणाल, पीएमसी नेमला म्हणजे उद्या हातोडा पडतो असं थोडंच आहे. खरंय. फिजिबिलिटी रिपोर्ट, निविदा, विकासकाची निवड, करार, महापालिकेच्या मंजुऱ्या, एवढं सगळं अजून बाकी आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालची रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया घालून दिली आहे, पण त्या प्रक्रियेत दोन वर्षं जाणार की आठ, हे तुमच्या सेक्रेटरींनाही सांगता येणार नाही. आठ वर्षं लागली तर पिवळ्या पडलेल्या भिंती बघत बसायचं का? मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होईल आणि किल्ल्यात बसायला लाजेल. तेव्हा थांबा असं मी म्हणत नाही. जे उचलून नेता येईल तेच करा, एवढंच.

तुमच्या लोकलच्या भिंतीचा नकाशा मला भयंकर आवडला. भिंतीवर आडवा स्टीलचा पाईप, त्याला डब्यात डोक्यावर डोलतात तशी हँडलं, आणि प्रत्येक हँडलला काहीतरी अडकवलेलं: छत्री, दप्तर, सासूबाईंची देवळात न्यायची पिशवी, तवा. पण याला ३८ हजार? दीड इंची पाईप, चार ब्रॅकेट, आठ हँडलं, एक डबा ऑइल पेंट आणि सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी. माझ्या अंदाजाने सात-आठ हजारांत उरकतं. हार्डवेअरवाल्याकडे हँडलं नाही मिळाली तर एक रविवार चोरबाजारात घाला. तिथे जहाजाच्या दिव्यापासून कशाचंही काहीही मिळतं. घासाघीस मात्र मिस्टरांना करू द्या, त्यांचा स्वभाव तसा दिसतोय.

खेळण्यांसाठी तुम्ही कपाटात खालचा खण ठेवला होता. त्याऐवजी कप्पी वापरा. माझी आत्या परळला चाळीत राहायची, दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला, दोरी भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळलेली. संध्याकाळी आत्या दोरी सोडायची आणि अख्ख्या घराचे कपडे कुरकुरत खाली यायचे. गणपतीत त्याच दांड्यांना पताका. आम्हा मुलांना ती दोरी ओढायला मिळावी म्हणून भांडणं व्हायची. कोणी तिला डेकोर म्हणत नव्हतं, पण त्या खोलीत जमिनीचा एक इंच न खाता केलेली तेवढी गंमत मी नंतर महागड्या घरांतही पाहिली नाही. वेताची हलकी टोपली, नायलॉनची दोरी, दोन कप्प्या, भिंतीवर एक खुंटी. दीड-दोन हजार. रात्री खेळणी वर, सकाळी खाली. टोपली पलंगाच्या वर नको, आणि जड खेळणी खालीच राहू देत.

किल्ल्यासाठी इंटिरियरवाला लाकडी माळा ठोकणार आहे. तो नको. नटबोल्टचा लोखंडी बंक बेड तयार मिळतो, वर झोपायचं, खाली मोकळी जागा. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात चक्कर मारली तर आणखी स्वस्त पडेल, पण वेल्डिंग हलवून बघा आणि वरच्या कठड्याची उंची मोजा. बुरूज पुठ्ठ्याचे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायला अंगण नाही, तर हा बाराही महिने राहील, आणि दर दिवाळीला मुलगा स्वतः रंगवेल. २५ हजारांच्या वर जाऊ नका.

झोपाळ्यावर मी अडले आहे, आणि ते पैशामुळे नाही. सासूबाईंना माहेरच्या घरच्या झोपाळ्याची आठवण येते असं तुम्ही लिहिलंय. ४२ हजारांतला मोठा भाग पितळी कड्यांचा असणार, आणि पितळ कधीही वजनावर विकता येतं, बरोबरही नेता येतं. म्हणजे हिशेबात झोपाळा टीव्ही युनिटपेक्षा शहाणा. प्रश्न स्लॅबचा आहे. पंचेचाळीसेक वर्षांच्या स्लॅबला चार हूक मारून माणूस झुलवायचा, हे डोळे मिटून करायचं काम नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीचा अहवाल सेक्रेटरींकडे असायला हवा. तो मागून घ्या, तुमच्या छताबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर हो म्हणाला तरच हूक. नाही म्हणाला तर स्टँडचा छोटा झोपाळा. जागा खाईल, पण सासूबाई सुखरूप राहतील.

फॉल्स सीलिंग तर मी रिडेव्हलपमेंट नसती तरी काढायला लावली असती. जुन्या इमारतीत वरच्या बाथरूमची गळती कधी सुरू होईल सांगता येत नाही, आणि सीलिंगने ती झाकली की कळते तेव्हा पीओपी डोक्यावर येतं. माझंही शहाणपण आधी नव्हतं. गोरेगावच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला मी केळीच्या पानांचा वॉलपेपर लावला होता, १४ हजारांचा. जुलैत बाहेरून ओल आली आणि गणपतीला पाहुणे आले तेव्हा अर्धी केळीची बाग जमिनीवर लोळत होती. तुमच्या छताला आकाशी रंग द्या, वाटल्यास चांदण्या रंगवा. खर्च रंगाच्या डब्याचा.

राहिली कपाटं. सामान ठेवायला जागा हवीच, नाही म्हणत नाही. दुकानात असते तशी नटबोल्टची अँगल रॅक घ्या, दोन, छतापर्यंत उंच. हळदीसारखा पिवळा रंग द्या, पुढे मंगलदास मार्केटमधल्या कापडाचे पडदे, मागून दोन स्क्रूने भिंतीला धरा म्हणजे मुलगा चढला तरी पडणार नाही. पडद्यांसकट वीस-बावीस हजार. भाड्याच्या घरात भिंत छोटी निघाली तर फळ्या काढून बुटकी करता येते. जेवायला भिंतीला मिटणारं टेबल, पाच-सहा हजार. लोहार चाळीतून दोन-तीन रंगीत दिवे. कपाटं पुढे करायचीच आहेत, पण नव्या घरात, आणि तेव्हा कोटेशनमध्ये "उत्तम प्रतीचा प्लाय" असं लिहिलं असेल तर सही करू नका. स्वयंपाकघराला आयएस ७१० (पाण्याला टिकणारा प्लाय), कोरड्या जागी आयएस ३०३ (साधा प्लाय), हे भारतीय मानकांचे आकडे कागदावर लिहून घ्या.

पैसा कुठून? ठेवीला हात नाही. सहा महिन्यांचा खर्च ३ लाख ६६ हजार होतो आणि ठेव ३ लाख १० हजारच आहे, म्हणजे तिथे आधीच ५६ हजारांचं भगदाड. त्यातून १ लाख २० हजार काढले तर तीन महिने जेमतेम निघतील. घर बदलायची वेळ आली तर सामान हलवणं, दलाली, डिपॉझिट हे सगळं सहसा करारात विकासकाकडून मिळतं, पण अख्खी इमारत एकाच वेळी आसपास घरं शोधते तेव्हा भाडी चढतात आणि विकासकाने देऊ केलेलं भाडं व खरं भाडं यांतला फरक खिशातून जातो.

कागदावर तुमचे महिन्याला २६ हजार उरतात. पत्रात मात्र तुम्हीच लिहिलंय की महिनाअखेर खात्यात पाच-सहा हजारच दिसतात. मग हे वीस हजार जातात कुठे? ते सापडत नाहीत तोवर १० हजार ७३० चा हप्ता एसआयपीच्या मानेवरच बसणार. पगाराच्या दिवशी १५ हजार आपोआप बाजूला निघतील अशी सोय करा: ५ हजारांची आरडी (आवर्ती ठेव), वर्षात ६० हजार, भगदाड बुजलं. १० हजार वेगळ्या बचत खात्यात, ते घराचे. महिन्याला एक गंमत. ज्या महिन्यात बंक बेड, त्याच्या आधीचा महिना उपास. वर्षभरात १ लाख २० हजार, आणि वरची सगळी यादी त्यात बसते. झोपाळा मात्र पितळी कड्यांचा हवा असेल तर पुढच्या वर्षी.

तुमच्या दिराने सुचवलेल्या होम इम्प्रूव्हमेंट लोनच्या करसवलतीचं: स्वतः राहत्या घरासाठी ती जुन्या करपद्धतीत, वर्षाला व्याजाच्या ३० हजारांपर्यंत मिळते. तुम्ही दोघं नव्या पद्धतीत आहात, म्हणजे शून्य. आणि नो कॉस्ट ईएमआयवर टीव्ही युनिट घेऊ का, या प्रश्नाला: व्याजाइतकी सूट दुकानदार देतो आणि बँक ती व्याज म्हणून घेते, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. रोखीने किती कमी करता, हे आधी विचारा, आणि टीव्ही त्या रॅकवरच ठेवा.

या आठवड्यात दोनच कामं. सेक्रेटरींकडून ऑडिटचा अहवाल आणि सभेचं इतिवृत्त घ्या. आणि लोकलच्या पाईपचं माप काढताना एक हँडल मुलाच्या हाताला येईल इतकं लांब पट्टीवर सोडा. पाईप कधी काढाल तेव्हा ब्रॅकेटचे स्क्रू डबीत घालून डबी त्याच पाईपला टेपने चिकटवा; नव्या जागी पहिल्या दिवशी नेमके तेच सापडत नाहीत.