टेक्सासची लोकसंख्या एवढी वाढतेय, तरी स्वतःच्या घरात राहणारे कमी का?
2010 ते 2020 या काळात टेक्सासमध्ये सुमारे 40 लाख लोक वाढले. पण नव्याने आलेला माणूस बहुतेकदा आधी भाड्यानेच राहतो. म्हणून स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण 62-63 टक्क्यांच्या आसपास आहे, देशाच्या सरासरीहून थोडं कमीच. त्यात 2021 मध्ये 3 टक्क्यांनी मिळणारं गृहकर्ज 2023 मध्ये 7 च्या वर गेलं. जुने मालक ते स्वस्त कर्ज सोडून घर विकायला तयार होईनात.

खरी गोम मात्र मालमत्ता करात आहे. राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून हुरळून जाऊ नका. घराच्या किमतीच्या साधारण दीड-दोन टक्के दरवर्षी भरावे लागतात. घर घेऊन स्वतः राहणार असाल तर होमस्टेड सवलतीचा (राहत्या घरावरच्या मालमत्ता करात मिळणारी सूट) अर्ज आठवणीने करा.