टॅग मेले नाहीत भावा, रात्री जाऊन ऐक

वारणेच्या डोहात ६ मासे सोडले, अकराव्या दिवशी ४ टॅग (माशाच्या अंगात बसवलेली, रेडिओवर टिकटिक पाठवणारी माग काढायची छोटी यंत्रं) गप्प, आता कंपनीकडं पैसे परत मागायचे का, असं विचारलंयस. वाचून मला आमचे पंचगंगेचे दिवस आठवले, म्हणून जरा लांबच लिहितोय. टॅगचं वजन माशाच्या २ टक्क्यांच्या आत, लवंग तेलाची गुंगी, टाके, बाहेर लोंबणारी तार हे सगळं तू नीटच केलं असणार, त्यात शिरत नाही.

आम्ही मार्चमध्ये टॅग लावून ९ शिंगटे (मिशावाला मोठा मासा) सोडले, कोल्हापुरात शिवाजी पुलाच्या वरच्या बाजूला. त्याआधी रेंज तपासली होती बरं का. कशी, तर मी टॅग हातात धरून घाटाच्या पायरीवर उभा आणि मित्र रिसीव्हर घेऊन काठानं चालत गेला. ७००-८०० मीटरवर टिकटिक खणखणीत. झालं, वहीत लिहिलं "रेंज ८०० मीटर" आणि चहाला गेलो. आमची सगळ्यात मोठी चूक ती. टॅग हवेत होता, मासा पाण्यात असतोय, एवढं साधं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ७ गप्प. मग आम्ही तीन आठवडे मोटरसायकलवर राजाराम बंधारा, रुई, इचलकरंजी करत पार नरसोबाच्या वाडीपर्यंत अँटेना फिरवली. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले होते, त्यातनं एवढा मोठा शिंगटा खाली जाणार कसा, हेसुद्धा सुचलं नाही. पेट्रोलचा हिशोब आजही सांगत नाही.

शेवटी घाटावर जाळं दुरुस्त करत बसलेले एक मामा म्हणाले, "दिवसा शिंगटा कुठं फिरतोय व्हय? तळाला कपारीत बसतोय, रात्री उथळात येतोय चरायला." त्या रात्री साडेदहाला त्याच काठावर, जिथं सोडले तिथंच, एका तासात ७ पैकी ४ ऐकू आले. कुठं गेलेच नव्हते!

मग शहाणपण सुचलं आणि उरलेला एक टॅग दोरीला दगड बांधून सोडून बघितला. एक मीटर खोलीवर काठावरनं ऐकू येतंय, तीन मीटरवर कान देऊन ऐकावं लागतंय आणि पाच मीटरवर बरोबर डोक्यावर गेल्याशिवाय काहीच नाही. कारण असं की पाण्यातनं हवेत बाहेर पडताना रेडिओ सिग्नल माशाच्या वरच्या अगदी अरुंद शंकूतनंच निसटतोय, आणि पाण्यात क्षार जास्त असले, म्हणजे पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजणाऱ्या मीटरवर मायक्रोसीमेन्सचा आकडा वर असला, की खोलीबरोबर तो झपाट्यानं मरतोय. त्याच दिवशी वरच्या अंगाला प्रयाग चिखलीला जो आकडा होता त्याच्या जवळपास दुप्पट घाटाखाली होता. नाल्याचं पाणी कुठं मिसळतंय ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

आता मुद्द्याचं ऐक. नुसते सिग्नल हरवले असते तर चाललं असतं, पण आमच्या नकाशावर पहिल्या महिन्याचे सगळे ठिपके उथळ पाण्यातच पडले होते आणि आम्ही "शिंगट्याला उथळ आवडतंय" असं लिहायला निघालो होतो. खोलातला मासा ऐकूच येत नव्हता तर ठिपका पडणार कुठनं? त्यामुळं मासा कुठली जागा वापरतोय हे सांगण्याआधी आपल्याला कुठल्या जागेतलं ऐकू येतंय ते मोजून ठेव. हे माझं मत, तुझ्या गाईडचं वेगळं असेल तर त्यांचं ऐक.

रात्री का जात नव्हतो? एका ऑफिसचं परवानगीपत्र होतं, नाव घेत नाही, त्यात "सूर्यास्तानंतर नदीपात्रात प्रवेश करू नये" असं वाक्य. ते पत्र मिळायलाच दोन महिने गेले, कधी साहेब मीटिंगला, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर, म्हणून ते वाक्य आम्ही देवाच्या कौलासारखं पाळलं. नंतर विचारायला गेलो तर क्लार्क म्हणतो, "पात्रात म्हणजे पाण्यात हो, काठावर तुम्हाला कोण अडवलंय?" काय बोलणार! तू तुझं पत्र आजच नीट वाच आणि शंका असेल तर लेखी विचार.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. सोडण्याआधी टॅग उन्हात तापलेला असतोय, पाण्यात गार झाला की फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, दोन-तीन किलोहर्ट्झ वर-खाली फिरवून बघ. रात्री शेतीची लाईट आली की काठावरच्या मोटारी सुरू होतात आणि रिसीव्हरमध्ये नुसती खरखर, त्यामुळं लाईटची पाळी विचारून जा. आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या पत्र्याच्या कढईत, नावेसारखं बसून नदीत फिरायचो, तर पत्र्याला अँटेना टेकली की दिशा भलतीच दाखवायची, हात वर धरायचा. आणि एखादा टॅग अचानक लांबनं खणखणीत ओरडायला लागला तर खूश होऊ नको. आमचा एक तसा ओरडला, माग काढत गेलो तर बंधाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्याशेजारच्या पिशवीत निघाला. मासा आदल्या दिवशीच कालवणात गेला होता. टॅगवर फोन नंबर होता म्हणून त्यांनी ठेवला तरी.

तुझा डोह आठ-दहा मीटर असेल तर मात्र रेडिओचं कठीण आहे, तिथं रेडिओऐवजी पाण्यात आवाज सोडणारे टॅग बरे, पण बंधाऱ्यावरनं पाणी पडत असेल तर त्या खळखळाटात तेही बुजतात. मी वारणेवर काम केलेलं नाही, त्यामुळं तिथलं छातीठोक सांगत नाही.

डोहाची खोली आणि मीटरचा आकडा इथं टाक, मग बघू. आणि कंपनीला एक रागाचा मेल गेलाच असेल, तर रात्री डोहावर जाऊन आल्याशिवाय दुसरा टाकू नको.