ती तीन टिंबं

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेच्या घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीवर निबंध लिहायला घेतलास आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या हेलर खटल्यात (2008) अडकलास. पाच विरुद्ध चार. बहुमताच्या न्या. स्कॅलियांचं वाचलं की शस्त्र बाळगणं हा प्रत्येकाचा स्वतःचा हक्क आहे हे पटतं, विरोधातल्या न्या. स्टीव्हन्सचं वाचलं की तो हक्क मिलिशियापुरता, म्हणजे नागरिकांच्या लढाऊ दलापुरता आहे हे. आणि मला विचारतोस, 'सर, बाजू कुठली घेऊ?'

बाजूचं नंतर बघू. आधी अख्खं वाक्य वाच. 'सुनियंत्रित मिलिशिया स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्याने, शस्त्रं बाळगण्याचा आणि धरण्याचा लोकांचा हक्क हिरावला जाणार नाही.' इंग्रजीत अवघे 27 शब्द आहेत रे! काही जण 'मिलिशिया'पाशी थांबतात, बाकीचे तिथून पुढेच वाचायला लागतात. दुरुस्ती 1791 ची; पुढच्याच वर्षीचा, 1792 चा मिलिशिया कायदा काढ. 18 ते 45 वयाच्या धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या पुरुषाने सहा महिन्यांत पदरमोड करून बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि 24 काडतुसं मावतील अशी पिशवी जमवायची. बंदूक त्याच्या घरात, कवायत सरकारी हुकमाने. आता सांग, हा नुसता हक्क होता की कर्तव्यही? ही दुरुस्ती मांडणाऱ्या मॅडिसनच्या 1789 च्या मसुद्यात तर शस्त्र धरणं ज्यांच्या धर्माला मान्य नाही, त्यांना सैनिकी सेवेतून सूट होती. म्हणजे 'शस्त्र धरणं' याचा तिथला अर्थ सैनिकी सेवा, हे कळतोच.

इथवर आलो की मला माझा प्रबंध आठवतो. पेनसिल्वेनियाच्या 1776 च्या घटनेत शस्त्रांचा हक्क 'स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी' आहे. 'स्वतःच्या' हा शब्द माझ्या मांडणीत बसेना. मी तिथे तीन टिंबं टाकली. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. त्या पानाची आजही लाज वाटते.

पुढे एका संपादकाने पेनसिल्वेनियाचा परिच्छेद गाळायला सांगितला, तेव्हा मी लेखच परत घेतला. हेकट म्हणाले मला, कुंपणावरचाही म्हणाले. कुंपणावर मी कधीच नव्हतो. माझं मत मिलिशियाकडेच झुकतं, फक्त त्याला टोचणारा पुरावा मी आता लपवत नाही. अख्खं वाक्य वाचायचं ते यासाठीच, आपल्याला अडचणीचं असलं तरी.

तुझ्या मसुद्यात 1689 चा इंग्लिश हक्कनामा का नाही? प्रॉटेस्टंटांना शस्त्रं दिली, पण 'कायद्याने मुभा असेल तशी'. तो जोडही अख्खा घे. रविवारी फोन कर. समोर कायद्यांची मूळ पानं ठेव, निकालपत्रं नकोत.

तुझा,
सर