दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत दोन्हींचे आवाज वेगवेगळ्या कप्प्यांत असतात का?

नाही, असे वेगळे कप्पे नसतात. दोन्ही भाषांचे उच्चार कानशिलाच्या आतला मेंदूचा साधारण तोच भाग ओळखतो, फक्त एक आवाज कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ती हद्द भाषेनुसार सरकते. स्पॅनिश-इंग्रजी दुभाषिकांवरच्या प्रयोगांत हे छान दिसतं. ओठ उघडल्यानंतर कंठातला नाद किती मिलिसेकंदांनी सुरू होतो त्यावर 'ब' की 'प' ते ठरतं. नाद जवळपास लगेच सुरू झाला, तर स्पॅनिश ऐकतोय असं वाटणाऱ्याला तो 'प' वाटतो. इंग्रजी ऐकतोय असं वाटलं की तोच आवाज 'ब' होतो! तोंडासमोर तळहात धरून 'पाणी' म्हणा, हवा जेमतेम लागेल. इंग्रज माणूस 'पेन' म्हणतो तेव्हा हवेचा झोत येतो, आपल्या जुन्या, दोन्ही ओठ मिटून म्हणायच्या 'फ'सारखा.

या हद्दी फार लवकर आखल्या जातात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलं की इंग्रजी घरांतली 6 ते 8 महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखतात. 10 ते 12 महिन्यांची बहुतेक बाळं ओळखत नाहीत. म्हणून तान्ह्या बाळाशी घरची भाषा भरपूर बोला, प्रत्यक्ष, समोर बसून.

मात्र मोठेपणी दार पूर्ण बंद होत नाही: जपानी प्रौढांना सरावाने इंग्रजी 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येऊ लागतात, फक्त कष्ट जास्त पडतात.