वहिनी, आधी जनुक तपासणी करा

वहिनी, पोराला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, नजर हळूहळू कमी करणारा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) निघालाय म्हटल्यावर आधी जनुक तपासणी करून घ्या. तुमच्यासारखं मामा-आत्याकडं नात्यातलं लग्न आपल्या कोल्हापूर भागात बऱ्याच घरांत आहे. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा. नेमकं जनुक कळलं की पोरगा कुठल्या संशोधनात बसतो ते समजायला मदत होते. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार फक्त आरपीई६५ नावाच्या जनुकाच्या दोषावर चालतो. "स्टेमसेलनं नजर आणतो, एवढे लाख भरा" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. नव्या उपचाराच्या खऱ्या चाचणीत पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) तिची नोंद असते. सीपीआरमधून (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून) दिव्यांग दाखल्याचंही बघा, शाळेत लेखनिक मिळायला लागतो.